अण्णांना पेराचा जॅम चालेल का?

पत्र

ताई, आम्ही तासगावला राहतो. धाकटे भाऊजी कुलूला नोकरीला आहेत. दर श्रावणात ते बब्बूगोशाच्या, म्हणजे मऊ पिकणाऱ्या पेरांच्या, दोन पेट्या पाठवतात. पेरं इतकी येतात की वाटूनही उरतात, म्हणून मी जॅम करते. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, सकाळी चपातीला जॅम लावून खायची जुनी सवय आहे. वय 71, मधुमेह बारा वर्षांपासून, सकाळी ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी. शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) 7.8 आलं. साखरेचा जॅम बंद केला. गेल्या वर्षी गुळाचा केला. यंदा एक किलो पेरांना घरचेच पाव किलो बेदाणे वाटून घातले, साखरेचा कण नाही. अण्णांनी तीन चपात्यांबरोबर आवडीने खाल्ला आणि दोन तासांनी मीटरवर 246! एरवी 170-180 असते. मग गोड पावडर घालून केला, तर तो पातळच राहिला आणि आठ दिवसांत वर पांढरी बुरशी. शेजारच्या काकू म्हणतात, फळंच बंद करा. गौरी-गणपती तोंडावर आलेत. अण्णांना चालेल असा जॅम आणि पेराचं एखादं गोड होतं का?

– एक सून, तासगाव

उत्तर

सूनबाई, नमस्कार.

आधी काकूंचं बघू. फळं बंद करायचं काही कारण नाही, आणि पेर तर नाहीच नाही. दीडशे ग्रॅमच्या एका पेरात साधारण 15 ग्रॅम साखर असते आणि साडेचार ग्रॅम चोथा. त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचा आकडा, 38 च्या आसपास धरतात. 55 पर्यंतची फळं ‘कमी’ गटात बसतात, म्हणजे हे बरंच खाली आलं. अण्णांनी दुपारी चारच्या सुमाराला, जेवणापासून लांब, एक पेर धुऊन सालीसकट चावून खाल्लं तर त्यांचा मीटर फारशी तक्रार करणार नाही. साल काढू नका, चोथ्याचा मोठा वाटा तिथेच आहे. कवळीमुळे चावत नसेल तर पातळ फोडी करून द्या, पण मिक्सरमधून काढून पेल्यात देऊ नका.

कारण फळ आहे तसं चावून खाल्लं की त्यातली साखर पेशींच्या आत अडकलेली असते, ती हळूहळू सुटते. शिजवलं की पेशी मऊ पडतात, वाटलं की फुटतात, गाळलं की चोथाच निघून जातो. आटवलं की आणखी एक गोष्ट होते: पाणी उडून जातं आणि साखर जागेवर राहते. तुमच्या जॅमचं सगळं गणित या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून ते एकदा आकड्यांत मांडू.

एक किलो चिरलेल्या पेरांत मुळात शंभरेक ग्रॅम साखर. बेदाणा म्हणजे पाणी काढून घेतलेलं द्राक्ष. हे मी तासगावकरांना सांगायची गरज नाही. शंभर ग्रॅम बेदाण्यात साठ ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे तुमच्या पाव किलोत दीडशेच्या पुढे. दोन्ही मिळून अडीचशे ग्रॅम. आटवून सातशे ग्रॅम जॅम उरला असेल असं धरू, तर दर शंभर ग्रॅममध्ये 36 ग्रॅम साखर आली. अण्णांनी आवडीने घेतला म्हणता, म्हणजे डोंगराएवढे भरलेले तीन चमचे तरी गेले असणार, साठ-सत्तर ग्रॅम. त्यात 22 ते 25 ग्रॅम साखर. साखरेचा कण नाही हे तुमचं म्हणणं डब्यापुरतं खरं आहे, बरणीत मात्र ती भरपूर होती. गुळाचंही तेच. गूळ म्हणजे 85 टक्क्यांच्या आसपास साखरच, वर थोडं लोह आणि खनिजं. किलोला अर्धा किलो गूळ घातला तर तो जॅम साखरेच्या जॅमच्या पंगतीत जाऊन बसतो. मध, खजूर, अंजीर यांनाही हाच नियम. नैसर्गिक आहेत, पौष्टिक आहेत, निरोग्याने जरूर खावेत. अण्णांच्या रक्ताला त्यांच्या कुळाशी देणंघेणं नाही.

आता एक गोष्ट तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात आणि माझ्या मते ती जॅमपेक्षा मोठी आहे. तीन चपात्या. एका मध्यम चपातीला तीसेक ग्रॅम कणीक लागते, तिच्यातून वीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. तीन चपात्यांचे साठ. त्यावर जॅमचे पंचवीस. सकाळच्या त्या ताटलीत पंचाऐंशी ग्रॅम गेले आणि त्यांना धरून ठेवायला डाळ नाही, भाजी नाही, दही नाही, नुसतं गोड आणि चपाती. 246 चा सगळा दोष बेदाण्यांच्या माथी मारू नका. जॅम बदलून तीन चपात्या तशाच ठेवल्यात तर पुढच्या पत्रात 210 लिहाल आणि मला बोल लावाल.

म्हणून अण्णांची न्याहारी मी अशी मांडेन: दोन चपात्या, एकीबरोबर भाजी किंवा मुगाचं धिरडं, दुसरीवर जॅम, आणि जॅमच्या खाली शेंगदाण्याचा जाडसर कूट. दाण्यातली स्निग्धता आणि प्रथिनं साखरेला सावकाश चालायला लावतात. चवीलाही छान लागतं, खमंग आणि गोड. अण्णांना कूट आवडला की मग ते स्वतःच मागतील, सांगावं लागणार नाही.

बरणीचं

तुमचा पावडरवाला जॅम पातळ का राहिला आणि बुरशी का आली, या दोन्हींचं उत्तर एकच आहे. नेहमीच्या जॅममध्ये साखर फक्त गोडीला नसते. बाजारच्या जॅममध्ये विरघळलेला भाग 65 टक्क्यांच्या घरात असतो आणि त्यात बहुतेक साखरच. ती पाणी स्वतःकडे धरून ठेवते. त्यामुळे फळातलं पेक्टिन, म्हणजे फळाचा मूळचा चिकट चोथा, एकमेकांत गुंफून जॅम गोठतो, आणि बुरशीला वाढायला मोकळं पाणीच उरत नाही. तुम्ही साखर काढलीत, म्हणजे गोठवणारी आणि राखणदार दोघी एकदम घराबाहेर गेल्या. त्यातून पेरात पेक्टिन कमी आणि आंबटपणाही कमी. सफरचंदाने किंवा पेरूने एवढा त्रास दिला नसता.

तेव्हा पहिलं मनातून काढून टाका की हा जॅम वर्षभर टिकेल. टिकणार नाही. आणि सुरी लावली की थरथरेल अशी जॅमची जेलीही होणार नाही. होईल ते दाट, मऊ, चपातीवर पसरणारं काहीतरी, आणि खायला ते जास्त चांगलं असतं.

पेरं निवडताना थोडं लक्ष द्या. बब्बूगोशा झाडावर पिकवत नाहीत. कडक असतानाच उतरवतात आणि तो पेटीत पिकतो, तोही आतून बाहेर. बाहेरून हाताला मऊ लागेपर्यंत थांबलात तर गाभा पिठूळ, तपकिरी झालेला असतो. देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून बघा. तिथे किंचित दबलं की पिकलं, मग फ्रीजमध्ये टाका. जॅमसाठी मात्र चार पेरांतली तीन अजून कडकसर असावीत आणि एक पिकलेलं. कच्च्यात पेक्टिन जास्त आणि साखर कमी, पिकलेल्यात वास. बाजारात नासपती म्हणून मिळणारं, खरबरीत सालीचं, दाताखाली कर्रकन वाजणारं जे फळ असतं ते इथे घेऊ नका. ते पिकूनही मऊ होत नाही आणि त्यातली कणी वाटल्यावरही वाळूसारखी जिभेला लागते. कोशिंबिरीला ते झकास, त्याकडे येतेच.

(जाता जाता: कुलूच्या खोऱ्यात ही विलायती फळझाडं रुजवण्याचं श्रेय कॅप्टन ली नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला देतात. त्याने 1870 च्या सुमारास बंद्रोलला बाग लावली. तुमच्या भाऊजींना विचारा, त्या बाजूला कधी गेलेत का.)

आता कृती. बिया आणि मधला कडक दोरा काढून, साल ठेवून, एक किलो पेरांच्या फोडी घ्या. दोन मोठे चमचे लिंबाचा रस लगेच चोळा, नाहीतर चिरता चिरता काळी पडतात. या दिवसांत पेरू यायला लागतात. दीडशे ग्रॅमचा एक अर्धकच्चा पेरू चिरून वेगळा शिजवा आणि चाळणीतून घासून बिया काढा. हा पेरू मी मुद्दाम घालायला सांगते. साखर नसल्यामुळे त्याचं पेक्टिन जॅम गोठवणार नाही, पण पातळ लगद्याला अंग देईल, आणि पेराचा मंद वास पेरूने उचलला जातो. जाड बुडाच्या पातेल्यात पेरांच्या फोडी, पाव वाटी पाणी, बोटाच्या पेराएवढं किसलेलं आलं, दालचिनीचा एक तुकडा आणि चिमूटभर मीठ घालून झाकण ठेवा. मंद आचेवर पंधरा मिनिटं. मीठ विसरू नका, गोडी नसलेल्या पदार्थात ते फार काम करतं. फोडी पळीने दाबल्यावर चिरडल्या की दालचिनी काढा, रवीने घुसळा किंवा मिक्सर एकदाच फिरवा. जाडसरच ठेवा, पेस्ट करू नका. मग पेरूचा गर घालून झाकण न ठेवता आटवा.

इथून पुढे पातेल्यापाशी उभं राहायचं. सुरुवातीला बुडबुडे पाण्यासारखे फुटतात, भराभर आणि आवाज न करता. वीसेक मिनिटांनी आवाज बदलतो. जड, एकेक बुडबुडा फुटून थेंब बाहेर उडतो आणि हाताला चटका देतो. तेव्हा आच आणखी कमी करा आणि पळी तळाशी ओढून बघा. मागे पातेल्याचं बूड दिसलं आणि दोन्ही कडा सावकाश जवळ आल्या, की झालं. कडा धावत जवळ आल्या तर अजून पाच मिनिटं. उतरवून कोमट झालं की एक सपाट चमचा इसबगोल वरून भुरभुरत, ढवळत मिसळा. एकदम टाकलात तर गोळे होतात, आणि दोन चमचे घातलेत तर बुळबुळीत होतो. बरेच जण सब्जा घालतात. मी कवळी वापरणाऱ्यांसाठी टाळते, दाणा अडकला की सकाळभर जीभ तिथेच जाते.

सगळं मिळून अर्धा किलोच्या आसपास होईल. पेरांची शंभर आणि पेरूची बारा-तेरा अशी मिळून 113 ग्रॅम साखर अर्ध्या किलोत, म्हणजे पंधरा ग्रॅमच्या एका सपाट मोठ्या चमच्यात साडेतीन ग्रॅमपेक्षा थोडी कमी. बाजारच्या जॅमच्या तेवढ्याच चमच्यात दहाच्या आसपास असते. अण्णांना दिवसाला दोन सपाट चमचे. सपाट म्हणजे सुरीने वरचा भाग काढलेले. एक चमचा त्या बरणीतच ठेवून द्या आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की माप तो आहे.

बरण्या लहान घ्या, उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेल्या. फ्रीजमध्ये दहा-बारा दिवस बिनघोर. बाकीचा बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवा आणि वड्या पिशवीत भरा, सहा महिने राहतात. दोन वड्या रात्री खाली काढल्या की सकाळी तयार. हवाबंद करून फडताळात ठेवायचा मोह मात्र टाळा. पेराचा आंबटपणा अगदी काठावरचा असतो, लिंबू कमी-जास्त झालं तर झाकणाआड जे वाढतं ते डोळ्याला दिसतही नाही. आणि बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचा खायचा, ही आपल्या घरोघरची काटकसर इथे नको. सगळी बरणी टाकायची.

गोड पावडरींचं

तुम्ही कोणती वापरलीत ते लिहिलं नाहीत. पाकीट उलटं करून घटक वाचा. ॲस्पार्टेम असेल तर उकळताना त्याची गोडी जाते, ते शिजवण्यासाठी नाही. सुक्रालोज आणि स्टीव्हिया उष्णता सोसतात, स्टीव्हियाला मागाहून कडवट चव येते. एरिथ्रिटॉल गरम असताना छान विरघळतं आणि फ्रीजमध्ये गेलं की पुन्हा कण धरतं. पेराच्या मूळच्या कणीत ती कणी मिसळली की बघायला नको. शिवाय 2023 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात रक्तातलं जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला. कारण-परिणाम त्यातून सिद्ध झालेला नाही, पण अण्णांचं वय बघता मी ते पोत्याने आणणार नाही. आणखी एक: चमच्याने मोजायच्या पावडरींत वजन भरायला माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज घातलेलं असतं, आणि ही दोन्ही रक्तातली साखर वाढवतात. घालायचीच असेल तर सुक्रालोजचे थेंब, जॅम उतरवल्यावर, चव घेत घेत.

कुणी तुम्हाला जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा सल्ला वाचून दाखवेल की अशी गोड द्रव्यं वापरू नका. तो वजन काबूत ठेवण्यासंबंधी आहे आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना त्यातून वगळलं आहे, हे त्याच सल्ल्यात लिहिलंय. तरी माझं मत विचाराल तर पहिली बरणी पावडरीशिवाय करा. पेर, आलं, दालचिनी, मीठ यांची गोडी कमी नसते. जीभ दोन-तीन आठवडे कुरकुरते आणि मग सवयीची होते. अण्णा अगदीच नाराज झाले तर थेंब आहेतच.

दुकानातून ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेली बरणी आणायचा विचार असेल, तर पुढचं लेबल वाचूच नका. मागे ‘टोटल शुगर्स’ची ओळ असते, दर शंभर ग्रॅमला किती ते बघा. घटकांत सफरचंदाच्या किंवा द्राक्षाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट, डेट सिरप असं काही दिसलं तर तो तुमचाच बेदाण्यांचा प्रयोग आहे, फक्त महाग. माल्टिटॉल दिसलं तर साखर थोडी कमी वाढेल, पण पोट बिघडू शकतं.

गौरी-गणपतीचं

इथे माझं एक ठाम मत आहे. अण्णांसाठी वेगळं, रोग्याचं ताट करू नका. सणाच्या दिवशी सगळ्यांच्या पानात पुरणपोळी आणि एकाच्या पानात उकडलेलं काहीतरी, हे माणसाला साखरेपेक्षा जास्त लागतं. मग तो माणूस रात्री स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडतो. त्यापेक्षा पेराचा असा एक पदार्थ करा जो सगळ्यांनीच मागून घ्यावा, आणि अण्णांना पोळी अर्धी.

मला स्वतःला आवडतात ती केशरातली पेरं. कडकसर पेरं सोलून (या एका पदार्थाला सोला) उभी दोन भाग करा. चहाच्या चमच्याने मधला गाभा गोल काढा, देठ मात्र ठेवा, दिसायला सुरेख दिसतं. पेरं बुडतील एवढ्या पाण्यात केशराच्या काड्या, चार वेलदोडे ठेचून, लिंबाच्या सालीची एक पट्टी, दोन लवंगा. पाणी उकळलं की आच कमी करून पेरं सोडा आणि वर ताटली उपडी ठेवा, नाहीतर तरंगतात आणि वरची बाजू पांढरी राहते. बारा ते पंधरा मिनिटं. सुई टोचून बघा, लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे पण पेर मोडता कामा नये. त्याच पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी कापलंत तर कडेला पिवळी धम्मक गोल रेघ आणि आत हस्तिदंती रंग. अर्ध्या पेरात दहा-बारा ग्रॅम कर्बोदकं येतील. उरलेल्या पाण्यात पेराची थोडी साखर उतरलेली असते, ते पोरांना सरबत करून द्या, अण्णांना नको.

याच्याबरोबर चक्का. लिटरभर गाईच्या दुधाचं दही रात्री फडक्यात टांगा, पाव किलोच्या वर चक्का मिळेल. त्यात वर सांगितलेल्या जॅमचे चार चमचे, वेलदोडा, किंचित जायफळ, आणि फेटा. घरच्या श्रीखंडात चक्क्याइतकीच साखर पडते, ती आठवली की हे किती हलकं आहे ते कळतं. पेराच्या खळग्यात हा चक्का भरायचा आणि वर पिस्त्याचे काप. सहा जणांना पुरतो.

मोदकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. करता येतात. वाटीभर किसलेलं कडक पेर अर्धा चमचा तुपावर परता. आधी ते भरपूर पाणी सोडतं, घाबरू नका, दहा-बारा मिनिटांत कोरडं होतं. मग वाटीभर ओला नारळ, खसखस, वेलदोडा. सारण पूर्ण कोरडं झाल्याशिवाय भरू नका, पारी फाटते. मात्र सारण कितीही शहाणं केलंत तरी पारी तांदळाचीच असते, एका मोदकामागे साधारण बारा-तेरा ग्रॅम पिष्ट. अण्णांना एक, फार तर दोन, आणि त्या जेवणात भात नाही. बाप्पासाठी पहिले पाच गुळाचे करायचे असतील तर करा, मी अडवणार नाही.

आणि गौरीच्या नैवेद्याला सोळा भाज्या, सोळा कोशिंबिरी मांडायची रीत तुमच्याकडे असेल तर सोळावी कोण हा प्रश्न मिटला. करकरीत नासपतीच्या बारीक फोडी, सायीचं नको पण घट्ट दही, दाण्याचा कूट, मीठ, हिरवी मिरची, वरून तुपात जिऱ्या-हिंगाची फोडणी, चार डाळिंबाचे दाणे. पान वाढायच्या आधी पाच मिनिटं कालवा. लवकर कालवलीत तर पाणी सुटून ताक होतं. गोड म्हणून नव्हे, पण पानातली सगळ्यात बिनधोक पेराची जागा हीच. ऋषिपंचमीला तुमच्याकडे गणपतीचा रथ निघेल आणि पेढे-खोबऱ्याची उधळण होईल. अण्णांच्या हातात आलेला पेढा हिसकावू नका. अर्धा प्रसाद म्हणून, आणि त्या दिवशी चपातीवरचा जॅम बंद.

थोडं औषधांचं

हे सगळं अण्णांना मानवतं की नाही हे मी सांगण्यापेक्षा त्यांचा मीटर चांगलं सांगेल. एका सकाळी दोन चपात्या, भाजी आणि कूट, जॅमशिवाय. दुसऱ्या सकाळी तेच, दोन चमचे जॅमसकट. दोन्ही दिवशी खाण्याआधी आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी तपासा. चार पट्ट्या खर्च होतील, पण उत्तर अण्णांच्याच रक्तातलं मिळेल. जेवणानंतर 180 च्या खाली असावी असा साधारण दंडक आहे. त्यांच्या वयाला डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

मीटर चांगला दिसला म्हणून प्रमाण वाढवू नका. पेरातली बरीचशी साखर फ्रुक्टोज असते. ती मीटरवर लगेच उमटत नाही, पण जास्त झाली तर यकृतावर आणि ट्रायग्लिसराईडवर, म्हणजे रक्तातल्या चरबीवर, उमटते. शिवाय पेरात सॉर्बिटॉल असतं, ते आतड्यात पाणी ओढतं. मेटफॉर्मिननेही काहींचं पोट बिघडतं. दोन्ही एकत्र आले आणि अण्णा सकाळी दोनदा-तीनदा जायला लागले, तर पेर निम्मं करून बघा, लगेच गोळीला दोष देऊन ती बंद करू नका. गोळी कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनीच. मूत्रपिंडाचं काही निघालं असेल तर कोशिंबिरीतला कूट, दही, फळ सगळ्याचंच माप त्यांच्याकडून घ्या.

एक शेवटचं, आणि हे जॅमपेक्षा आधी वाचलं पाहिजे होतं. ग्लिमेपिराईडने साखर कधीकधी खाली घसरते, विशेषतः जेवायला उशीर झाला की. आणि सणाच्या दिवशी आरती, पाहुणे, नैवेद्य यात उशीर होतोच. अण्णांना घाम फुटला, हात थरथरले, बोलणं तुटक झालं आणि मीटर 70 च्या खाली दाखवत असेल, तर त्या वेळी हा कमी साखरेचा जॅम देऊन काही उपयोग नाही. पंधरा ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे भरून ग्लुकोज पावडर पाण्यात, लगेच. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वाढली नसेल तर पुन्हा तेवढीच द्या, आणि सावरले की जेवायला बसवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. गोळीच्या पट्टीवर व्होग्लिबोज हेही नाव आहे का बघून ठेवा. ते असेल तर साधी साखर वेळेत पचत नाही, ग्लुकोजच लागतं. तो डबा अण्णांच्या खोलीत हाताशी ठेवा, आणि नातवंडांना सांगा की त्यातलं सरबत करायचं नाही.